३५ हजार फुटांच्या वर पंखांची अँटी-आइस का वापरू नये? उंची आणि उष्णतेने बर्फ रोखण्याच्या यंत्रणा

ध्रुवतारा (धागाकर्ता)

बोईंग ७३७ च्या वैमानिकांसाठी असलेल्या कार्यपद्धतीच्या पुस्तिकेत एक सावधगिरीची सूचना आहे. साधारण फ्लाइट लेव्हल ३५० च्या, म्हणजे ३५ हजार फुटांच्या वर पंखांची अँटी-आइस वापरल्यास ब्लीड (इंजिनातून घेतलेली गरम हवा) बंद पडण्याची आणि त्यामुळे केबिनमधला हवेचा दाब जाण्याची शक्यता असते, असा तिचा आशय आहे. माझा व्यवसाय शीतगृहांच्या यंत्रसामग्रीचा असल्यामुळे उष्णतेची देवाणघेवाण हा रोजचाच विषय आहे, तरीही ही सूचना वाचून मी थबकलो. जितके वर जावे तितकी थंडी वाढते, मग बर्फ रोखणारी उष्णता नेमकी तिथेच वापरू नका, असे का सांगितले असावे?

ज्यांना या यंत्रणेची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जेट इंजिनाच्या कॉम्प्रेसरमध्ये दाबली गेलेली हवा आपोआप तापते. तिच्यातील काही भाग वळवून घेतात, त्याला ब्लीड एअर म्हणतात. ही गरम हवा भोके पाडलेल्या नळ्यांतून पंखाच्या पुढच्या कडेच्या आतल्या बाजूवर आणि इंजिनाच्या तोंडाच्या कडेवर फवारली जाते. ७३७ मध्ये प्रत्येक पंखाच्या आतल्या (धडाकडच्या) बाजूचे तीन स्लॅट, म्हणजे पुढच्या कडेचे सरकते भाग, असे तापतात, बाहेरचा चौथा तापत नाही. एअरबस ए-३२० मध्ये याउलट बाहेरच्या बाजूचे तीन स्लॅट तापवतात. पिटो ट्यूब (वेग मोजण्यासाठीची नळी), कॉकपिटच्या काचा आणि टर्बोप्रॉप विमानांचे प्रोपेलर यांना मात्र विजेची उष्णता मिळते.

माझा प्रश्न असा आहे की उंची वाढते तसे या यंत्रणांचे काम एकंदरीत सोपे होते की अवघड? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

कॉकपिटकर

धागा चांगला आहे. मी ७३७ उडवतो, त्यामुळे सूचनेपासूनच सुरुवात करतो.

त्या उंचीवर पंखांची अँटी-आइस वापरण्याची वेळ सहसा येतच नाही, कारण पंखावर साचणारा बर्फ हा अतिशीत पाण्याच्या थेंबांपासून होतो, म्हणजे शून्याखाली जाऊनही न गोठलेल्या थेंबांपासून. असे थेंब उणे ४० अंशांच्या खाली टिकत नाहीत, तिथे सगळे गोठलेलेच असते. म्हणूनच इंजिनाच्या अँटी-आइसचा नियमही असा आहे की तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असेल आणि ढग, धुके, पाऊस किंवा हिम अशी डोळ्यांना दिसणारी आर्द्रता असेल तर ती चालू हवी. मात्र चढताना आणि समतल उड्डाणात बाहेरचे स्थिर तापमान (विमानाच्या वेगामुळे होणारी वाढ न धरता) उणे ४० च्या खाली असेल तर तिची गरज नाही. उतरताना ही सवलत मिळत नाही. उणे ५० अंश असले तरी ढगात उतरायचे असेल तर उतरण सुरू करण्यापूर्वी स्विच चालू झालेला असावा लागतो.

पंखांच्या बाबतीत आमच्या विमानात आणखी एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. उड्डाणात मुख्य पद्धत अशी आहे की थोडा बर्फ साचू द्यायचा आणि मग यंत्रणा चालू करून तो वितळवून झटकून टाकायचा. आधीपासून चालू ठेवता येते, पण त्यामुळे इंधन जास्त जाते आणि वितळलेले पाणी मागे वाहत जाऊन न तापणाऱ्या भागावर पुन्हा गोठण्याचा धोकाही वाढतो.

हँगर_दोन

देखभाल अभियंता म्हणून सूचनेची दुसरी बाजू मांडतो.

ध्रुवतारा यांनी 'बर्फ रोखणारी उष्णता' म्हटले आहे, पण वर गेल्यावर ब्लीडची हवा प्रामुख्याने माणसांना श्वास घेता यावा म्हणून लागते. ३५ हजार फुटांवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी असतो आणि केबिनमध्ये मात्र साधारण ८ हजार फुटांइतका दाब राखायचा असतो. हे सगळे काम कॉम्प्रेसरमधून काढलेल्या हवेवर चालते. त्याच हवेतून पंखही तापवायचे ठरवले की नळीतील प्रवाह एकदम वाढतो.

आता ही हवा इंजिनातून निघते तशीच पुढे पाठवता येत नाही, ती फार तापलेली असते. प्रीकूलर नावाच्या उष्णता-विनिमयकात इंजिनाच्या पंख्याची तुलनेने गार हवा तिच्यावरून खेळवून तिचे तापमान आटोक्यात आणले जाते. उंचावर ही पंख्याची हवादेखील विरळ असते, म्हणजे थंड करणाऱ्या बाजूची ताकद घटते आणि गरम बाजूची मागणी मात्र वाढलेली असते. ध्रुवतारा, तुमच्या शीतगृहांच्या भाषेत सांगायचे तर कंडेन्सरवरचा पंखा हळू करायचा आणि भार वाढवायचा, असा हा प्रकार आहे. ब्लीडचे तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की संरक्षक यंत्रणा व्हॉल्व्ह बंद करते आणि पॅनेलवर ब्लीड ट्रिप ऑफचा दिवा लागतो. एका बाजूचे ब्लीड गेले तर दुसऱ्या बाजूवर भार पडतो. दोन्ही गेली तर केबिनचा दाब उतरू लागतो. तेव्हा थंडीच्या जागी उष्णता नको असे त्या सूचनेचे म्हणणे नाही. त्या उंचीवर हवेचा साठा तुटपुंजा असतो, तो गरज नसलेल्या कामावर उधळू नका, असे तिचे म्हणणे आहे.

शंकासुर

दोन्ही प्रतिसाद पटले, पण मूळ प्रश्न अर्धाच सुटला. हवा विरळ झाली तर पंखाची उष्णतादेखील हळू निघून जाईल ना? म्हणजे उष्णता कमी मिळते, पण कमी लागतेही. मग जमाखर्च कुठे येऊन थांबतो? कोणी आकडे मांडेल का?

ओटावाकर

शंकासुर, तुमचा प्रश्नच या विषयाचा गाभा आहे. मी याच क्षेत्राच्या जवळपास काम करते, त्यामुळे थोडे लांब लिहिते.

प्रमाण वातावरण, म्हणजे उंचीप्रमाणे दाब-तापमानाचा ठरवून दिलेला सरासरी आराखडा, धरले तर २२ हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मी आणि ३५ हजार फुटांवर सुमारे ३१ टक्के असते. पृष्ठभागावरून वाहणारी हवा किती उष्णता नेते हे घनता आणि वेग यांच्या गुणाकारावर अवलंबून असते, पण सरळ प्रमाणात नाही. प्रवाह शांत असेल तर ती साधारण वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, खळबळीचा असेल तर ०.८ घाताच्या. त्यामुळे वेग तोच ठेवून २२ हजार फुटांवर गेल्यास उष्णतेची गळती निम्मी होत नाही, ५७ ते ७० टक्क्यांवर येते. एवढ्यापुरता फायदा झाला.

आता तापमानातील फरक पाहू. बाहेर हवा किती गार आहे हे पंखाला जसेच्या तसे जाणवत नाही, कारण वेगामुळे हवा पंखावर आदळून दाबली जाते आणि तापते. ०.७८ मॅक, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ७८ टक्के वेगाने जाणाऱ्या जेटला ३५ हजार फुटांवर यामुळे साधारण २६ अंशांचा लाभ होतो. बाहेर उणे ५४ असेल तर विमानाच्या नाकाला सुमारे उणे २८ जाणवते. हवेच्या तुलनेत २५० नॉट (ताशी सुमारे ४६० किलोमीटर) वेगाने जाणाऱ्या टर्बोप्रॉपला मात्र जेमतेम ८ अंश मिळतात. एकाच ढगातून दोन विमाने गेली आणि एकावर बर्फ साचला, दुसऱ्यावर नाही, असे होते त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

तिसरी गोष्ट बाष्पीभवनाची, आणि माझ्या मते ती सर्वांत रोचक आहे. उष्ण यंत्रणा दोन प्रकारे चालवता येते. एका प्रकारात पंखावर पडलेले सगळे पाणी तिथल्या तिथे वाफ करून टाकायचे, दुसऱ्यात ते फक्त गोठू द्यायचे नाही आणि मागे वाहू द्यायचे. दोहोंच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक किलो पाणी उणे १५ पासून ५ अंशांवर आणायला सुमारे ८४ किलोज्यूल लागतात, त्याची वाफ करायला सुमारे २५०० किलोज्यूल, म्हणजे तीसपट. हवेचा दाब कमी झाला की पाणी लवकर उडते. पृष्ठभागाचे तापमान आणि वेग तेच ठेवले तर २२ हजार फुटांवर बाष्पीभवनाचा वेग समुद्रसपाटीच्या सव्वा ते पावणेदोन पट निघतो. पाणी संपूर्ण उडवायचे असेल तर उंचीवर पृष्ठभाग तितका तापवावा लागत नाही, हा फायदाच आहे. पाणी नुसते वाहू द्यायचे असेल तर मात्र हेच बाष्पीभवन उष्णतेची गळती ठरते, कारण उडणारे पाणी पंखाची उष्णता घेऊन जाते. त्याच वेळी मागे वाहणारे पाणी कमी होते, म्हणून मागे जाऊन गोठणारा बर्फही कमी होतो. एकाच परिणामाला यंत्रणेच्या रचनेप्रमाणे नफा म्हणायचे की तोटा हे ठरते.

आणि इथेच प्रयोगशाळांची पंचाईत होते. क्लीव्हलंड येथील नासाचा बर्फाचा वातबोगदा १९४४ पासून चालू आहे, पण त्यात हवेचा दाब जमिनीच्या आसपासचाच असतो; उंचीवरचा कमी दाब त्यात निर्माण करता येत नाही. आमच्या ओटावातील, कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचा बोगदा आकाराने लहान आहे, पण त्यात दाब उतरवता येतो. नासाने या परिषदेबरोबर वाहत्या पाण्याच्या स्थितीचा अभ्यास केला तेव्हा असे आढळले की उंचीमुळे उष्णतेच्या वहनात होणारा बदल जुन्या पद्धतींनी बरोबर सांगता येतो, पाण्याच्या वहनात होणारा बदल मात्र सांगता येत नाही. त्यावर त्यांनी दोन टप्प्यांची पद्धत सुचवली. आधी चाचणीतले उष्णतेचे वहन उंचीवरच्या स्थितीशी जुळवायचे, मग पाण्याचे, आणि दोहोंना जोडणारा दुवा म्हणून पृष्ठभागाचे तापमान सारखे ठेवायचे. तीही संपूर्ण अचूक नाही, पण अनुभवावरून काढलेल्या दुरुस्तीच्या गुणकांवर ती विसंबत नाही हे तिचे मोठे बळ आहे.

शंकासुर

आकड्यांबद्दल आभार. मग असे म्हणायचे का की वर जाणे एकूण फायद्याचेच आहे आणि चिंता करायची ती फक्त खालच्या पट्ट्यात?

हँगर_दोन

ओटावाकर ताईंनी मागणीची बाजू मांडली, पुरवठ्याची बाजू मी पूर्ण करतो.

ब्लीडच्या हवेचा दाब दोन गोष्टींवर ठरतो. इंजिनाच्या तोंडाशी किती दाब आहे आणि कॉम्प्रेसर त्याला किती पटींनी वाढवतो आहे. उंचीवर पहिला घटतो, पण समतल उड्डाणात इंजिन जोरात फिरत असल्यामुळे दुसरा भरपूर असतो आणि गाडे चालते. कसोटी लागते ती उतरताना. वैमानिक थ्रॉटल आयडलवर, म्हणजे इंजिनाच्या किमान वेगावर आणतो, कॉम्प्रेसर मंदावतो, बाहेरची हवा अजून विरळच असते आणि नेमके त्याच वेळी विमान ढगांच्या ओल्या थरात शिरते. ७३७ च्या अनेक विमानांवर असलेल्या सीएफएम-५६ इंजिनात अशा वेळी कॉम्प्रेसरच्या पाचव्या टप्प्याची हवा पुरत नाही म्हणून नवव्या टप्प्याची, अधिक दाबाची आणि अधिक तापलेली हवा घेतली जाते. तीही कमी पडू नये म्हणून अँटी-आइस चालू केली की आयडलचा किमान वेगच वाढवला जातो.

त्यामुळे यंत्रणेचा आकार ठरवताना अभियंत्यांच्या डोळ्यांसमोर सर्वांत उंच जागा नसते, सर्वांत थंडही नसते. मधल्या उंचीवर, कमी वेगाने, कमी शक्तीवर घिरट्या घालत असलेले विमान असते. प्रमाणनासाठी, म्हणजे विमान उडवण्यास योग्य असल्याचा नियामकाचा दाखला मिळवण्यासाठी, सलग थरांच्या ढगात ४५ मिनिटे घिरट्या घालाव्या लागल्या तर काय होईल हे पाहिले जाते, ते उगीच नाही.

कॉकपिटकर

आयडल वाढण्याचा हा परिणाम आम्हाला रोज सोसावा लागतो. इंजिन थोडे जास्त फिरते म्हणून विमान लवकर खाली येत नाही आणि उतरण्याचा मार्ग लांबतो. ७३७ च्या संगणकात उतरणीच्या अंदाजाचे एक पान आहे; अँटी-आइस कोणत्या उंचीपासून कोणत्या उंचीपर्यंत चालू राहील हे त्यात आधीच भरून ठेवायचे असते, म्हणजे संगणक उतरण लवकर सुरू करतो. जुलैमध्ये मुंबईकडे येताना हे पान रिकामे सोडले तर विमान ठरलेल्या मार्गाच्या वर राहते, मग स्पीड ब्रेक ओढत बसावे लागते आणि मागे प्रवाशांना ती थरथर जाणवते.

मेघमाला

मी पुण्याची, ढगांच्या भौतिकशास्त्राची अभ्यासक. वरची चर्चा प्रमाण वातावरण धरून झाली आहे, त्याला एक मोठी दुरुस्ती सुचवते.

अमेरिकेच्या हवाई नियमांतील ज्या परिशिष्टावर बर्फरोधक यंत्रणांचे प्रमाणन आधारलेले आहे, त्याच्या मागची मोजमापे प्रामुख्याने १९४० च्या दशकात अमेरिकेच्या भूमीवरील उड्डाणांतून आलेली आहेत. त्यात सलग थरांचे ढग २२ हजार फुटांपर्यंत आणि उणे ३० अंशांपर्यंत, तर उभ्या वाढीचे ढग उणे ४० अंशांपर्यंत धरले आहेत. प्रमाण वातावरणात २२ हजार फुटांवर तापमान उणे २८ च्या आसपास असते, म्हणून तिथे रेघ मारणे त्या हवामानात योग्यही ठरते. आपल्याकडे पावसाळ्यात गोठणबिंदूच साधारण १६ ते १८ हजार फुटांवर असतो. २२ हजार फुटांवर त्या वेळी उणे ८-१० अंश असतात, ३१ हजारांवर उणे ३० च्या आसपास आणि ३५ हजारांवर उणे ४० च्या आसपास. म्हणजे मध्य अक्षांशांत जे अतिशीत पाणी २२ हजार फुटांखाली संपते, ते आपल्याकडच्या जोरदार ऊर्ध्वप्रवाहाच्या ढगात त्याच्या बरेच वर सापडू शकते. टेक्सासमधील उंच ढगांत उणे ३७.५ अंशांपर्यंत द्रवरूप पाणी प्रत्यक्ष मोजल्याचे २००० मध्ये प्रसिद्ध झाले आहे. आमच्याकडे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २००९ पासून विमानातून पावसाळी ढगांचा अभ्यास करण्याची मोहीम चालवली, तिच्या उद्दिष्टांत हवेतील सूक्ष्म कण आणि ढग यांचा परस्परसंबंध हा एक मुख्य विषय होता.

सांगायचे इतकेच की 'इतक्या हजार फुटांवर बर्फ होत नाही' असे वाक्य उष्ण कटिबंधात तपासून घ्यावे. ढगाला फूट कळत नाहीत, तापमान कळते.

कॉकपिटकर

मेघमाला यांच्याशी पूर्ण सहमत. ३१ हजार फुटांवर बाहेर उणे ३० असेल तर वेगामुळे वाढलेले एकूण तापमान शून्याच्या आसपास दिसते. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावर ते आकडे पाहून नवीन सहवैमानिक चकित होतात, कारण पुस्तकातल्या आलेखाप्रमाणे तिथे कितीतरी अधिक थंडी अपेक्षित असते. उणे ४० ची सवलत त्या उंचीवर तेव्हा लागूच होत नाही.

शंकासुर

चर्चा पंखांभोवती फिरते आहे, पण एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान ३५ हजार फुटांवर होते, तिथे पिटो ट्यूब तापवलेल्या होत्या आणि तरीही त्या बंद पडल्या. 'वर गेल्यावर थेंब नसतात, मग धोका नाही' या तर्कात ते कुठे बसते?

ओटावाकर

बसत नाही, आणि म्हणूनच त्या अपघातानंतर नियम बदलावे लागले.

१ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला निघालेले हे एअरबस ए-३३० अटलांटिकवर, विषुववृत्ताजवळच्या ढगांच्या पट्ट्यात होते. तिथे पाण्याचे थेंब जवळजवळ नव्हते, पण उंच ढगांच्या माथ्याशी बर्फाचे बारीक स्फटिक मोठ्या संख्येने होते. स्फटिक थंड पृष्ठभागावर आदळून उसळून जातात, त्यामुळे पंखावर काही साचत नाही, बर्फ दाखवणारी खूणही कोरडी राहते आणि हवामानाच्या रडारवर असे स्फटिक फारच फिके दिसतात. पिटो ट्यूब मात्र पुढच्या बाजूने उघडी नळी आहे. आत शिरलेला स्फटिक बाहेर उसळू शकत नाही, त्याला तिथेच वितळवून पाणी मागच्या छोट्या छिद्रातून काढून द्यावे लागते. आत येणारे स्फटिक तापकाच्या वितळवण्याच्या क्षमतेपेक्षा जास्त झाले की नळी तुंबते. चौकशी अहवालानुसार तापके चालू होती. नळीवरची त्या काळची प्रमाणनाची कसोटी थेंबांभोवती आखलेली होती, त्या उंचीवरच्या आणि त्या तापमानाच्या स्फटिकांचा तिच्यात पुरेसा विचार नव्हता.

२ वाजून १० मिनिटे ५ सेकंदांनी ऑटोपायलट सुटला. वेगाचे चुकीचे आकडे एक मिनिटाच्या आतच सुधारले, म्हणजे उष्णतेने आपले काम थोड्या उशिराने का होईना केले. पण त्या अवधीत विमान वर खेचले गेले होते, ते स्टॉलमध्ये गेले, म्हणजे पंखांची विमान उचलून धरण्याची ताकद संपली, आणि ऑटोपायलट सुटल्यापासून साडेचार मिनिटांच्या आत २२८ जणांसह समुद्रात कोसळले. नंतर युरोपीय नियामकाने त्या प्रकारच्या नळ्या काढायला लावल्या आणि स्फटिकांसाठी स्वतंत्र परिशिष्टे नियमांत आली.

हँगर_दोन

स्फटिकांबद्दल एक महत्त्वाचा मुद्दा जोडतो. इंजिनाच्या बाबतीत तिथे उष्णता चक्क बर्फाला मदत करते.

कोरडा स्फटिक कोरड्या थंड पात्यावरून निसटून जातो. इंजिनाच्या गाभ्यात मात्र हवा दाबली जाऊन तापलेली असते, तिथे स्फटिक थोडे वितळतात, पाती ओली होतात आणि ओल्या हाताला पीठ चिकटावे तसे पुढचे स्फटिक तिथे चिकटतात. हळूहळू ते त्या जागेचे तापमान शून्यावर ओढतात आणि गोठणबिंदूहून तापलेल्या हवेत बर्फ साचू लागतो. तो सुटून मागे गेला की पाती दुखावतात किंवा ज्वाला विझते. इंजिनाच्या तोंडाची अँटी-आइस तिथपर्यंत पोहोचतच नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत इंजिनांची शक्ती गेल्याच्या अनेक घटना २२ हजार फुटांच्या वर घडल्याचे दाखवले होते, जिथे नेहमीच्या कल्पनेप्रमाणे बर्फाचा प्रश्नच नसायला हवा होता.

आपल्याशी जवळचे उदाहरण २०१३ चे आहे. जीईएनएक्स इंजिने असलेल्या ७४७-८ आणि ७८७ विमानांनी स्फटिक असू शकतील अशा गडगडाटी ढगांपासून ५० सागरी मैल दूर राहावे, असा आदेश अमेरिकी नियामकाने त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये काढला. जपान एअरलाइन्सने तेव्हा टोकियो-दिल्ली मार्गावरून ७८७ विमाने काढून घेतली होती. पुढे इंजिनाच्या नियंत्रण संगणकाचे सॉफ्टवेअर बदलून त्यावर उपाय केला गेला.

मेघमाला

या स्थितीची एक खूण वैमानिकांना सांगितली जाते, ती इथे नोंदवावी असे वाटते. एकूण तापमान मोजणारा संवेदकही तापवलेला असतो. स्फटिक त्याच्यात वितळू लागले की तो खरे तापमान सोडून शून्य अंश दाखवू लागतो. बाहेर सगळे शांत, रडारवर विशेष काही नाही, आणि हा काटा मात्र शून्यावर अडकलेला, असे दिसले तर आपण स्फटिकांच्या ढगात आहोत असे समजावे. आमच्या दृष्टीने तो बिघडलेला तापमापक फारच उपयोगी साधन आहे.

ध्रुवतारा

उत्तम चर्चा. दोन शंका उरल्या. बोईंग ७८७ मध्ये पंखांसाठी ब्लीड नाहीच असे वाचले. मग वरची ३५ हजार फुटांची अडचण तिथे उरत नाही का? आणि पिटोचा तापक आणखी दुप्पट शक्तीचा बसवला तर काय बिघडते?

हँगर_दोन

७८७ मध्ये स्लॅटच्या आतल्या बाजूला विजेच्या तापक चादरी चिकटवलेल्या आहेत. ब्लीडच्या यंत्रणेत पंख तापवून झालेली हवा अजून बरीच गरम असतानाच बाहेर सोडावी लागते, तो अपव्यय इथे नाही. बोईंगच्या सांगण्याप्रमाणे लागणारी शक्ती साधारण निम्मी होते. केबिनची हवादेखील विजेवर चालणाऱ्या स्वतंत्र कॉम्प्रेसरमधून येते, त्यामुळे पंख आणि केबिन एकाच नळीवरून भांडत नाहीत. इंजिनाच्या तोंडाला मात्र तिथेही ब्लीडचीच हवा आहे.

पिटोबद्दल बोलायचे तर तापक वाढवण्याला जमिनीवरची मर्यादा आड येते. ३५ हजार फुटांवर उणे तापमानाची हवा सतत उष्णता नेत असते, तीच शक्ती उभ्या विमानात दिली तर नळी जळेल. म्हणून ए-३२० मध्ये जमिनीवर पिटो कमी शक्तीवर तापतात आणि उड्डाणानंतर आपोआप पूर्ण शक्तीवर जातात, तर एकूण तापमानाचे संवेदक जमिनीवर तापवतच नाहीत. शिवाय नुसती शक्ती वाढवून भागत नाही. वितळलेले पाणी बाहेर जाण्याच्या छिद्राचा आकार आणि जागा तितकीच महत्त्वाची असते. छिद्र तुंबलेले असेल तर तापक कितीही चांगला असो, पाणी आतच राहते. तपासणीत आम्ही सर्वांत आधी त्या छिद्राकडे पाहतो.

ओटावाकर

पिटो आणि उंची यांचा आणखी एक संबंध आहे, तो १९७४ च्या अपघातावरून कळतो. त्या वर्षी १ डिसेंबरला नॉर्थवेस्ट ओरिएंटचे ६२३१ क्रमांकाचे बोईंग ७२७ न्यूयॉर्कहून केवळ तीन कर्मचाऱ्यांसह निघाले होते. पिटोचे तापक चालू केलेले नव्हते. चढताना नळ्या आणि त्यांची निचऱ्याची छिद्रे गोठली आणि आतला दाब कोंडला गेला. बाहेरचा दाब उंचीबरोबर घटत होता, वेगदर्शक या दोन दाबांतील फरकच दाखवतो, म्हणून जसजसे विमान वर गेले तसतसा वेग वाढताना दिसला. कर्मचाऱ्यांनी वेग कमी करण्यासाठी नाक आणखी वर उचलले, २४ हजार ८०० फुटांजवळ विमान स्टॉल झाले आणि तिघेही मृत्युमुखी पडले. नळी जमिनीजवळ तुंबली असती तर काटा लगेच संशयास्पद दिसला असता. उंचीमुळे तो विश्वासार्ह वाटेल अशा रीतीने खोटा बोलत राहिला.

शंकासुर

शेवटची शंका, कॉकपिटकर साहेबांना. लेहचा विमानतळ १० हजार ६८२ फुटांवर आहे. हिवाळ्यात तिथे उणे १० अंशांत उड्डाण करताना अँटी-आइस चालू ठेवावी लागते का? आणि तसे असेल तर आधीच विरळ हवेत दमलेल्या इंजिनातून ती हवा काढणे परवडते का?

कॉकपिटकर

नियम तापमान आणि दिसणारी आर्द्रता या दोन्हींचा आहे. लेहची हिवाळ्यातील सकाळ बहुतेक वेळा निरभ्र आणि कोरडी असते. उणे १० असले तरी ढग, धुके, हिमवर्षाव किंवा धावपट्टीवर उडणारे हिम नसेल तर इंजिनाची अँटी-आइस लागत नाही. हिम पडत असेल तर ती चालू करावी लागते आणि मग उड्डाणाच्या गणितात तिचा वेगळा रकाना पाहावा लागतो, कारण काढलेल्या हवेइतकी शक्ती कमी मिळते आणि उड्डाणासाठी परवानगी असलेले वजन उतरते. तिथे विरळ हवेमुळे वजन आधीच इतके बेतलेले असते की हा फरक थेट प्रवाशांच्या किंवा सामानाच्या संख्येत दिसतो. प्रत्यक्षात अशा हवामानात दृश्यमानतेमुळेच उड्डाण रद्द होते आणि तो हिशेब करण्याची वेळ फारशी येत नाही.

शंकासुर

समजले. धन्यवाद, साहेब.